आधी खांब, मग नक्षी



जुनी घरं दुरुस्त करणाऱ्या माणसांच्या या परिषदेचं अध्यक्षपद आपण मला दिलंत, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. पुढच्या रांगांत सुतार आणि गवंडी बसले आहेत, याचा मला विशेष आनंद वाटतो. आज मी जे बोलणार आहे, त्यातलं निम्मं त्यांच्याच हाताखाली शिकलो आहे.

वडिलोपार्जित वाडा घेऊन आपल्याकडे कुणी आलं, की पहिल्या भेटीत ठरलेलं वाक्य येतं. "वाडा तसाच ठेवायचाय, फक्त राहायला सोयीचा करून द्या." तसाच म्हणजे कसा, असं विचारलं की बोटं दिंडी दरवाजाकडे आणि खांबांवरच्या कोरीव कामाकडे जातात. ते जपायचंच आहे. पण इतक्या वर्षांनी माझं मत असं झालं आहे, की घराचा मूळ स्वभाव नक्षीत सगळ्यात कमी असतो. घर आपला भार कुठून कुठे उतरवतं, भिंत ओल कशी बाहेर टाकते, चौकातला उजेड आणि वारा कुठपर्यंत पोचतो, यांत तो असतो. हे बिघडलं, तर नक्षी शाबूत राहूनही वाडा हातचा जातो.

वाईतल्या एका कामाचं सांगतो. घाटाजवळचा एकचौकी वाडा. दर्शनी ओसरीचे सागवानी खांब दगडी तळखड्यांवर ताठ उभे होते, बघून कुणीही म्हणावं की आणखी शंभर वर्षं काळजी नाही. माजघराच्या भिंतीला मात्र काही वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने कंबरेपर्यंत सिमेंटचा गिलावा केला होता, ओल येते म्हणून. आमच्या सुतारमामांनी त्या भिंतीवर हातोडीचा दांडा आपटला. दोन ठिकाणी आवाज खणखणीत आला, तिसऱ्या ठिकाणी भद्द. गिलावा उतरवला, तर भिंतीच्या पोटातला खांब तळाकडे दीड हात कुजलेला. बोट घातलं तर लाकूड तपकिरीसारखं सुटत होतं, आणि त्याच खांबावर वरच्या मजल्याची तुळई टेकलेली होती.

हे का झालं, ते इथल्या तरुण अभियंत्यांनी नीट लक्षात घ्यावं. आपल्या पुष्कळ वाड्यांत भार पेलतो तो लाकडी सांगाडा. विटामातीची भिंत त्याच्यामधली भर असते. जमिनीतून ओल वर चढते, ती पूर्वीही चढायची. पण चुन्याच्या गिलाव्यातून ती हवेत निघून जायची. सिमेंटने ते तोंड बंद केलं, ओल आत कोंडली, आणि तिला जायला एकच जागा उरली, ती म्हणजे लाकूड. ठेकेदाराची दानत वाईट नव्हती. भिंत कोरडी दिसावी म्हणून त्याने केलं, आणि दिसलीही. म्हणून मी म्हणतो, जुन्या भिंतीला सिमेंट लावणं ही दुरुस्ती नव्हे, ती इजा आहे.

त्या खांबासाठी आम्ही तुळईला दोन्ही बाजूंनी टेकू दिले, खाली स्क्रू-जॅक लावले आणि थोडाथोडा फेरा देत भार उचलला. एका दिवसात बोटभरसुद्धा नाही. मग कुजलेला तेवढाच भाग कापला. जुन्या सागाचा तुकडा तिरका सांधा करून बसवला, लाकडी खुंट्या ठोकल्या आणि खाली दगड दिला. वरचा खांब होता तोच राहिला. भिंतीला चुना केला, त्यासाठी विझवलेला चुना महिनाभर पाण्यात ठेवला होता. चुना मळायची घाणी मिळाली नाही, तेव्हा हातानेच मळला, त्यात बेलफळाचं पाणी, गूळ आणि ताग घातला. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश पुन्हा दगड होतो. त्याला घाई चालत नाही, आणि ते कुटुंबाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं लागतं.

जुनं ते सगळं बरोबर, असं मात्र मी कधीच म्हणणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट मराठवाड्यातला कुणी विसरू शकत नाही. तिथल्या घरांच्या भिंती जाड, दोन बाजूंना दगड आणि मध्ये दगडमातीची भर. दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारे आडवे दगड नव्हते. वर वर्षानुवर्षं थर चढवलेलं मातीचं माळवद. त्या भिंती फुटल्या आणि झोपेतली माणसं खाली गाडली गेली. पुण्यात १२ जुलै १९६१ला फुटलेल्या पानशेत धरणाचं पाणी शिरलं, तेव्हा नदीकाठच्या पेठांमधल्या मातीच्या भिंती भिजून बसल्या. अशा घराला हात घालताना माळवदावरची जास्तीची माती उतरवणं आणि भिंतींत बांधदगड घालणं, ही कामं सगळ्यांत आधी. त्यात घराचं रूप थोडं बदललं, तरी मला त्याचं दुःख नाही. माणूस घराआधी आहे.

आता एका नाजूक गोष्टीकडे येतो. वाईच्या त्याच वाड्यात मागच्या पडवीच्या टोकाला बिनखिडकीची एक खोली होती. महिन्याचे ते दिवस घरातल्या बायकांनी तिथे काढायचे. आराखड्यात मी ती 'मूळ रचना' म्हणून जशीच्या तशी ठेवली होती. घरातल्या आजींनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "बाबा रे, बाकी सगळं राख. ही भिंत आधी फोड." मी तपासलं, तिच्यावर तुळई नव्हती, नुसती आडभिंत होती. ती काढली, बाहेरच्या बाजूला खिडकी पाडली. आज तिथे त्यांची नात अभ्यासाला बसते. स्वयंपाकघरावर मजला नव्हता, तिथे छपरात काचेची कौलं घातली आणि चुलीच्या धुराने काळवंडलेली भिंत पहिल्यांदा उजेडात आली. जतनाच्या नावाखाली आपण अंधारही जपत होतो, हे मला आजींनी शिकवलं. आपल्या शास्त्रात हा प्रश्न पुरेसा विचारला जात नाही: कुणाच्या आठवणीतलं घर जपायचं?

संडास-न्हाणीघराबद्दल थोडक्यात सांगतो. ती कडीपाटावर चढवू नका. गळती एक दिवस होतेच आणि ती थेट लाकडात जाते. वाईला आम्ही ती परसात वेगळ्या पायावर बांधली. जुन्या भिंतीवर त्यांचा भार नाही, उद्या काढली तर वाड्याला ओरखडा उठणार नाही. तिकडे जायला एक खिडकी खाली उतरवून दार केलं. तिची चौकट वरच्या माळ्यावर चिठ्ठी बांधून ठेवली आहे.

वापरात राहिलेला वाडा टिकतो, याचं उदाहरण म्हणजे सगळ्यांना ठाऊक असलेला पुण्यातला विश्रामबाग वाडा. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला, सुरूच्या आकाराच्या खांबांचा. पेशवाई गेल्यावर तिथे संस्कृत पाठशाळा भरली. १८७९च्या आगीत त्याचा बराच भाग जळाला. त्याच आगीत बुधवार वाडा गेला तो गेलाच. विश्रामबाग पुन्हा उभा राहिला आणि पुढे कचेऱ्यांच्याही कामी आला. तो टिकला याचं एक कारण मला असं दिसतं, की प्रत्येक पिढीला त्याचा काही उपयोग होता. राहत्या घराचंही तेच आहे. ज्या वाड्यात सुनेला वावरायला सोपं जात नाही, तो विकला जातो. भावाभावांच्या वाटणीत चौकात भिंत उभी राहते, किंवा बांधकाम व्यावसायिकाला जागा दिली जाते. त्या कुटुंबांना दोष देण्याआधी आपण त्यांना राहता येईल असा आराखडा दिला होता का, हे बघावं.

शेवटी एक मागणं. वाईतले आमचे सुतारमामा सत्तरीच्या पुढचे आहेत. तो तिरका सांधा त्यांनी मापपट्टी न लावता, डोळ्याच्या अंदाजाने कापला. त्यांच्या हाताखाली त्या दिवशी एकही शिकाऊ पोरगा नव्हता. मला खात्री आहे, आपल्यापैकी बहुतेकांच्या कामावर हीच स्थिती आहे. तेव्हा आपण सगळ्यांनी पुढच्या प्रत्येक कामाच्या अंदाजपत्रकात एका शिकाऊ सुताराची आणि एका शिकाऊ गवंड्याची पूर्ण मजुरी धरावी. मालक विचारतील, ही दोन माणसं कशाला. त्यांना समजावून सांगायचं काम आपलं आहे, आणि ते आपण याच वर्षी सुरू करावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.