आजीच्या वाटणीची भाकरी

(पदवीधर विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचं लिखित रूप)



प्रवेशाचा असो की फेलोशिपचा, प्रत्येक फॉर्ममध्ये ‘पालकांचं शिक्षण’ असा रकाना असतो. आपल्यातल्या अनेकांनी तिथं ‘निरक्षर’ लिहिलंय. आजीसाठी तर रकानाच नसतो. पण आई रोजंदारीवर किंवा ऊसतोडीला गेली की आपण असायचो आजीपाशी. तिच्या मायेबद्दल आणि श्रद्धेबद्दल मी आज बोलणार आहे. तिची आरती मात्र ओवाळायची नाहीये.

शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ १९८४ साली आलं. तुम्ही ते वाचलं असेल. लेखकाचा जन्म १९५६चा, सोलापूर जिल्ह्यातल्या हन्नूरचा. आई महार, बाप पाटील. पोराला वाढवलं आजीनं, म्हणजे संतामायनं, आणि तिच्यासोबत राहणाऱ्या मुसलमान दादांनी. दादा स्टँडवर हमाली करायचे. शाळेच्या कागदावर बापाचं नाव काय, जात कोणती, पालक कोण, असे प्रश्न आले तेव्हा सगळी व्यवस्था अडून बसली. संतामायला मात्र हे प्रश्न पडले नाहीत. पोर आपलं आहे, एवढं तिला पुरेसं होतं.

त्या पुस्तकातली भाकरीची गोष्ट आठवा. सुगीत गुरं ज्वारी खातात, शेणात न पचलेले दाणे पडतात. संतामाय ते शेण गोळा करते, धुते, दाणे वाळवून दळते. मागून आणलेल्या पिठाची भाकरी नातवाला देते आणि शेणातल्या दाण्यांची स्वतः खाते. नातू हट्टानं तिच्या भाकरीचा घास घेतो, तर त्याला शेणाचा वास येतो.

हा प्रसंग वाचून आपण रडतो आणि पान उलटतो. मला तिथं थांबावंसं वाटतं. दोन पिठं वेगळी ठेवणं हा निर्णय होता. गावानं या पोराची किंमत ठरवून टाकली होती. संतामायनं चुलीपुढं बसून ती किंमत नाकारली. समाजशास्त्रात आपण प्रतिकार शिकतो तो मोर्च्याचा, सत्याग्रहाचा. तो हवाच. पण दोन पिठं वेगळी ठेवणाऱ्या त्या हातांनाही प्रतिकार म्हणायला आपण शिकलं पाहिजे.

आता श्रद्धेकडे येऊ. त्यासाठी थोडं दूर, तमिळनाडूत जाऊ. कुंभकोणमजवळ तिरुप्पनंदाळ नावाचं गाव आहे. तिथल्या शिवमंदिराची आख्यायिका अशी: ताटकै नावाची भक्त हार घालायला गेली, तेवढ्यात तिचं वस्त्र सुटू लागलं. दोन्ही हातांत हार, वस्त्र सावरायचं कसं? तिची अडचण पाहून शिवलिंगच तिच्याकडे झुकलं. गोष्ट गोड आहे. पण त्याच शैव परंपरेत नंदनारचीही कथा आहे. तो अस्पृश्य जातीतला. बाराव्या शतकातल्या ‘पेरिय पुराणम्’मध्ये त्याला चिदंबरमच्या देवापर्यंत पोचायला अग्नीतून जावं लागतं. श्रद्धा दोघांचीही खरी होती. देव कुणासाठी झुकला आणि आगीतून कुणाला जावं लागलं, हे विचारणं हे आपल्या शिक्षणाचं काम आहे. काळाराम मंदिराच्या दारात १९३०मध्ये आपल्या माणसांनी हेच विचारलं होतं.

मग आजीच्या देवाचं काय करायचं? माझी आजी बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडायची आणि पोराला ताप आला की मरीआईला नारळही बोलायची. विद्यापीठात याला विसंगती म्हणतात. पण दवाखाना तालुक्याला होता आणि मरीआई गल्लीच्या टोकाला. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये वीरगावच्या महारवाड्यातल्या बायकांचे नवस, अंगात येणं, पोतराज सोडणं हे सगळं लिहिलंय. त्या बायकांवर त्यांची माया आहे, तरी अंधश्रद्धेला त्यांनी सूट दिलेली नाही. आपल्यालाही तसंच करता येईल. नवस आपण सोडू. पण ज्या पोराकडे जगानं पाठ फिरवली ते शिकेल, उभं राहील, हा आजीचा विश्वास कुठल्याच देवळातून आलेला नव्हता. तो आपण जपू.

एक शेवटची गोष्ट, विशेषतः मित्रांसाठी. ‘आजी उपाशी राहिली म्हणून मी शिकलो’ हे वाक्य आपण सत्कारात अभिमानानं म्हणतो. घरी गेल्यावर मात्र आई सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाते, बहिणीचं शिक्षण आपल्या फीसाठी थांबतं. आजीच्या मायेचं ऋण आपण असं घरातल्या दुसऱ्या बाईकडून वसूल करत असू, तर आपण तिच्याकडून काहीच शिकलो नाही. संतामायनं चांगली भाकरी नातवाला दिली, कारण घरात तेवढंच होतं. आज आपल्या घरात पीठ आहे. मग सगळ्यांच्या ताटात एकाच पिठाची भाकरी पडली पाहिजे, आणि सगळ्यांनी ती एका वेळी बसून खाल्ली पाहिजे.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात आजीचं नाव जरूर लिहा, पण त्याआधी घरातल्या ताटांकडे एकदा बघा.

जयभीम.