स्वागताध्यक्षांचे भाषण



राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व केपीआयटी कंपनी यांनी सिद्ध केलेल्या हायड्रोजनच्या इंधनघटावर २०२० साली मोटार आणि २०२२ साली बस ज्या पुण्यात चालली, त्याच पुण्यात अशा घटांच्या निर्मितिखर्चाचा विचार करण्यास आपण जमला आहात, याचा स्वागतसमितीला फार आनंद होत आहे. मोटार चालते हे दिसले. ती परवडेल काय, हा प्रश्न अद्याप निकालात निघालेला नाही.

अमेरिकेच्या ऊर्जाखात्यासाठी २०१७ साली झालेल्या अदमासात ८० किलोवॅटच्या इंधनघट-यंत्रणेचा खर्च दर किलोवॅटला ४५ डॉलर निघाला. हा आकडा जो तो सांगतो; परंतु तो वर्षाकाठी पाच लाख यंत्रणांच्या गृहीतावर उभा असून, हजारच निघाल्या तर खर्च तिपटीच्याही वर जातो, ही अट मात्र सांगायची राहते. असे का होते, ते दोन घटांच्या मध्ये बसणाऱ्या एका बायपोलर प्लेटच्या हिशेबात दिसते. पातळ पत्र्याचे वजन, डायची किंमत, प्रेसचा तासाचा दर, मजुरी आणि बाद मालाचे प्रमाण हा सारा तपशील मांडला, की ध्यानात येते की थोड्या मागणीत प्रेस बहुतेक काळ रिकामा राहतो आणि त्याचा घसारा मूठभर प्लेटांच्या माथी बसतो. घटात उत्प्रेरक म्हणून लागणाऱ्या प्लॅटिनमची गोष्ट निराळी. ते ग्रॅमच्या बाजारभावाने घ्यावे लागते व संख्या वाढली म्हणून स्वस्त होत नाही. म्हणून उत्पादन जितके मोठे, तितका एकूण खर्चात त्याचा वाटा वाढत जातो, आणि उपाय एकच उरतो, तो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला लागणारे त्याचे प्रमाण घटवणे. तेथे कारखानदाराला रसायनशास्त्रज्ञाचेच दार ठोठावावे लागते.

आणखी एक बाब तपासणीची. टोयोटाच्या पहिल्या मिराई मोटारीत असे ३७० घट एकापुढे एक जोडलेले होते, आणि अशा मांडणीत एक घट सदोष निघाला तरी सारा संच अडतो. तरीही तपासणीचा खर्च किरकोळ सदरात ढकलण्याचा शिरस्ता पडावा, हे मला फार गैर वाटते.

खर्चाचा आकडा असा गृहीतांवर उभा असतो, म्हणून निबंधवाचकांना माझी आग्रहाची विनंती आहे की आपण धरलेली वार्षिक संख्या आणि प्लॅटिनमचा भाव आकड्याच्या शेजारीच नमूद करावा. भोसरी-चिंचवडचे डाय बनवणारे कारागीर दुपारच्या सत्रास मुद्दाम बोलावले आहेत. त्यांना प्रश्न विचारताना संकोच करू नये. आपणां सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करून मी अध्यक्षमहाराजांना परिषदेच्या कामकाजास आरंभ करण्याची विनंती करतो.