अंगणातले चतुर

मंडळी, चतुराच्या शेपटीला दोरा बांधून पोरं खेळतात. लहानपणी मीही बांधला. आता नातवाच्या हातचा दोरा सोडवतो. चतुर डास खातो, हो! त्याची पिल्लं पाण्यात वाढतात. तीही डासांच्या अळ्या खातात.

परसात हातभर खोल टाकं करा. कडेला लव्हाळा लावा. मधे काटकी रोवा. पिल्लू तिच्यावर चढतं, कात टाकतं आणि चतुर होऊन उडतं. रिकामी कात काटकीला चिकटलेली दिसते. टाक्यात मासे नकोत; ते पिल्लं गिळतात. औषधही फवारू नका. सुरुवातीला डासांच्या अळ्या दिसल्या तर गाळणीने काढा.

मात्र रांजण, जुने टायर आठवड्याला कोरडे करा. डास आठ-दहा दिवसांत तयार होतो. चतुराला कित्येक आठवडे लागतात. तिथे त्याची वाट पाहाल, तर घरात डेंग्यू येईल.