टळलेल्या दंगलींची गोष्ट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



दंगलीची तारीख सगळ्यांच्या लक्षात राहते. जी दंगल होता होता टळली, तिची तारीख कुणी लिहून ठेवत नाही. आज मला अशा टळलेल्या दंगलींविषयी आणि त्या टाळणाऱ्या माणसांविषयी बोलायचं आहे.

मुंबईचं हे दुखणं जुनं आहे. १८५१ आणि १८७४ मध्ये इथे पारशी आणि मुसलमान एकमेकांवर धावून गेले होते. ऑगस्ट १८९३ मध्ये हिंदू-मुसलमानांची मोठी दंगल झाली. मे १९७० मध्ये भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून भडका उडाला, त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन आयोग नेमावा लागला. १९८४ च्या मे महिन्यात भिवंडी पुन्हा पेटली आणि त्या आगीची धग मुंबईपर्यंत आली.

मग आलं १९९२. सहा डिसेंबरला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. त्यानंतर मुंबईत डिसेंबर आणि जानेवारी अशा दोन टप्प्यांत नऊशे माणसं मेली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. आपल्या उपनगरातलं जोगेश्वरी तर होरपळून निघालं. तिथल्या राधाबाई चाळीत ७ जानेवारी १९९३ च्या मध्यरात्रीनंतर एका खोलीला बाहेरून कडी घालून आग लावण्यात आली आणि सहा हिंदू जळून मेले. मग सूडाची भाषा सुरू झाली. शहरभर मुसलमानांची घरं आणि दुकानं हेरून लक्ष्य केली गेली. पोलिसांच्या पक्षपातावरही आयोगाने स्पष्ट ठपका ठेवला.

त्याच दिवसांत भिवंडी मात्र शांत होती. जिचं नाव दंगलीशी जोडलेलं, ती भिवंडी! पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे १९८८ पासून मोहल्ला समित्या बांधल्या होत्या. त्यांत हिंदू आणि मुसलमान बरोबरीने बसत. गाऱ्हाणी साधीच असत. कुठे नळावरचं भांडण, कुठे भाडेकरूचा वाद, कुठे भोंग्याची तक्रार. पण ही भांडणं वेळीच मिटली की त्यांना धर्माचा रंग चढत नाही. शिवाय अफवा उठली, की खात्री कुणाकडे करून घ्यायची हे दोन्हीकडच्या माणसांना ठाऊक असतं. खोपडे यांनी पुढे याच अनुभवावर ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हे पुस्तक लिहिलं.

मुंबईने हा धडा दंगलीनंतर गिरवला. पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने १९९४ च्या सुमारास इथे मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. वस्त्यांमध्ये बैठका झाल्या, सण एकत्र साजरे झाले, मुलांचे क्रिकेटचे सामने झाले. ऐकायला हे किरकोळ वाटेल. पण जिथे पोलिसाला पाहून लोक दार लावून घेत होते, तिथे त्याच्यासमोर बसून तक्रार सांगणं ही फार मोठी मजल होती.

पुढे परीक्षेचे प्रसंगही आले. डिसेंबर २००२ मध्ये घाटकोपरला बसमध्ये बॉम्ब फुटला, मार्च २००३ मध्ये मुलुंडला लोकलमध्ये. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेवर सात स्फोट झाले. त्यांत जोगेश्वरी होतं, बोरिवलीही होतं. त्यानंतर मुंबईत १९९३ सारखी दंगल उसळली नाही. याचं सारं श्रेय मोहल्ला समित्यांना देणं अतिशयोक्तीचं होईल. लोक शहाणे झाले होते आणि पोलिसांची तयारीही होती. पण ओळखीच्या माणसांचं जाळं आधीपासून विणलेलं असणं, याचा त्यात वाटा होता असं मला वाटतं.

अगदी अलीकडचं उदाहरण सांगतो. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. मुस्लिम संघटनांनी आपला जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं आणि सरकारने सुट्टीही २९ तारखेला दिली. २०२४ आणि २०२५ मध्येही विसर्जनासाठी जुलूस पुढे ढकलला गेला. ज्या मिरवणुकीवरून १९७० मध्ये भिवंडी पेटली, तसलाच प्रश्न इथे चर्चेने सुटला.

तरीही हिशेब पुरा झालेला नाही. राधाबाई चाळीच्या खटल्यात विशेष न्यायालयाने दोषी ठरवलेले अकरा जण १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून निर्दोष सुटले. म्हणजे त्या सहा जणांना कुणी जाळलं, याचं उत्तर मिळालंच नाही. दुसरीकडे, दंगलीत बेपत्ता झालेल्या १६८ जणांपैकी १०८ जणांच्या कुटुंबांपर्यंत भरपाई पोचली नव्हती. त्यांना शोधून ती द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला नोव्हेंबर २०२२ मध्ये, जवळजवळ तीस वर्षांनी! आणि मिश्र चाळी सोडून कितीतरी मुसलमान मुंब्र्याला गेले, हिंदूही आपल्या लोकांत राहायला गेले. एकमेकांपासून दूर गेल्यामुळे शांतता लाभली असेल, तर ती कच्ची शांतता आहे. शेजार नसला की भांडण होत नाही, पण अफवा खोडून काढणाराही कुणी उरत नाही.

आज अफवा मोबाइलवरून येते आणि क्षणात हजारो लोकांपर्यंत जाते. ती थांबवायला पोलिसांची गाडी पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून श्रोतेहो, आपल्या सोसायटीच्या, मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना एवढंच विचारा, की पलीकडच्या वस्तीतल्या दोन माणसांचे फोन नंबर आपल्याकडे आहेत का? नसतील, तर येत्या सणाच्या आधी ते मिळवा, आणि एकदा सहज म्हणून फोनही करा. पहिली ओळख संकटाच्या रात्री करून घ्यायची नसते.