गुलमर्गचा पहिला उतार

काश्मीरमधल्या गुलमर्गला स्कीइंग शिकायला जाणाऱ्याने सुरुवातीचे दिवस गावाजवळच्या सौम्य उतारावरच घालवावेत, असं मी आग्रहाने सांगेन. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. गोंडोला, म्हणजे केबल कारचा पाळणा, तिथून दोन टप्प्यांत अफरवत डोंगरावर, जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत नेतो. वर हवा विरळ, उतार तीव्र, बर्फ बहुतेक ठिकाणी यंत्राने न दाबलेला, आणि हिमस्खलनाचा धोका खरा. नवशिक्याला आधी थांबणं शिकायचं असतं: स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, आतल्या कडा बर्फात किंचित रुतवलेल्या. उतार वाढला की एवढ्याने वेग आवरत नाही.

"एवढा खर्च करून खालीच थांबायचं?" हा प्रश्न रास्त आहे, मुंबई-पुण्याहून जाणाऱ्याच्या हाती दिवस मोजकेच असतात. पण ज्याला थांबता येत नाही तो वर गेल्यावर घसरतो, धास्तावतो, आणि दिवस वाया जातात ते तिथेच. देखाव्यासाठी गोंडोलाने जरूर जावं, स्की खाली ठेवून. शिकण्यासाठी केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग व गिर्यारोहण संस्था गुलमर्गमध्येच आहे. प्रशिक्षकाच्या नजरेखाली वळणं आणि पडल्यावर उठणं पक्कं झालं, की मग गोंडोलाचा पहिला टप्पा जिथे संपतो त्या कोंगडोरीचा विचार करावा.