गाऱ्हाणे लहानांचे, लाभ बड्यांचा



अमेरिकेत हेरिंग मासळी धरणाऱ्या नौकांबाबत संघीय मत्स्य खात्याने २०२० साली नियम केला : नौकेवरील निरीक्षकाचा खर्च, दिवसाला ७१० डॉलरपर्यंत, मालकानेच सोसावा. कायद्यात तसे स्पष्ट म्हटलेले नव्हते. छोट्या मालकांचे गाऱ्हाणे रास्तच होते.

परंतु २८ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या दाव्यावर ‘शेव्हरॉन’ खटल्यातील १९८४ चा दंडकच मोडीत काढला. संदिग्ध कायद्याचा खात्याने लावलेला वाजवी अर्थ न्यायालयांनी मानावा, असा तो दंडक होता. आता प्रदूषण, कामगारसुरक्षा यांचे नियमही कोर्टात खेचणे सोपे झाले. आणि कोर्टाची पायरी बड्या कंपन्यांनाच परवडते.

निरीक्षण समाजहिताचे असेल, तर त्याचा खर्च सरकारी तिजोरीने उचलावा. छोट्यांवर बोजा टाकणारे सरकार बड्यांच्या हाती आयते हत्यार देते.