माळव्यातील जांभूळ



अठराव्या शतकात पवारांबरोबर मराठी भाषा धार-देवासला आली. जांभूळ मात्र येथे आधीपासूनच होती. धार जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणाऱ्या नर्मदेचे वर्णन करताना, तिचा ओघ जांभळीच्या कुंजांनी अडतो, असे कालिदासाने ‘मेघदूता’त म्हटले आहे. लवंग आणि पेरू यांच्याच कुळातली ही जांभूळ.

बियांपासून वाढलेले झाड फळावर यायला आठ-दहा वर्षे लागतात; शिवाय मूळ झाडाचा गुण त्यात उतरेलच असे नाही. म्हणून निवडक झाडांची कलमे करतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण बहाडोली’ आणि गोध्र्याच्या केंद्राची ‘गोमा प्रियंका’ हे असेच निवडलेले वाण. ते अवश्य लावावेत; परंतु त्यांच्यासाठी जुनी रायवळ झाडे तोडू नयेत. उद्याची निवड त्यांच्यातूनच व्हायची आहे.

भाषेचेही तसेच आहे. आमच्या नातवंडांच्या तोंडी ‘जामुन’ आहे, त्यात वावगे काही नाही. पण घरातून ‘जांभूळ’ गेली, तर ‘जांभळा’ हा रंगही पोरका होईल. गुरुजींच्या स्मरणार्थ शाळेच्या आवारात एक जांभूळ लावावी आणि मुलांनी तिला मराठीत हाक मारावी, एवढीच विनंती.